मणी खडूच्या पानावर

सरकारी शाळेत साहित्याच्या दोन वह्या असतात. एखादी वस्तू कोणत्या वहीत चढली यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. पहिली वही जडवस्तू संग्रह नोंदवही. स्टाफरूममध्ये तिला सगळे डेडस्टॉकच म्हणतात. खुर्च्या, कपाटं, घंटा, पृथ्वीचा गोल, वजनकाटा हे सगळं तिच्यात. दुसरी वही संपणाऱ्या सामानाची. तिच्यात खडू, झाडू, फिनेल, शाई, टाचण्या.

डेडस्टॉकमध्ये चढलेली वस्तू मरत नाही. ती मोडली तरी कपाटात राहते, कारण तिचं निर्लेखन, म्हणजे वहीतून रीतसर नाव कमी करणं, व्हावं लागतं आणि त्यासाठी प्रस्ताव, समिती, सही अशी वरात निघते. ज्या शिक्षकाच्या नावावर चार्ज असतो त्याची बदली झाली की यादी घेऊन नग मोजले जातात आणि एक कमी भरला तर खुलासा द्यावा लागतो. त्यामुळे अनुभवी शिक्षक पहिल्याच दिवशी नव्या शिक्षकाला सांगतात, कुलूप लावत जा मॅडम.

आमच्या शाळेत गणिताची पेटी आहे. चांगली आहे, कुणी तरी विचार करून बनवलेली. आत दशकाचे दांडे, सुटे ठोकळे, अपूर्णांकाच्या रंगीत चकत्या, खोट्या नोटा, फासे. मी शाळेत आले तेव्हा तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. वर्षातून एकदा साठा पडताळणीला ती उघडायची, आतले नग मोजले जायचे आणि पुन्हा बंद. गणिताच्या पेटीचा आमच्याकडे एवढाच गणिती उपयोग होता.

यात कुणाचा आळस नव्हता. चाळीस पोरं, दोनशे ठोकळे आणि पस्तीस मिनिटांचा तास. शेवटची दहा मिनिटं जर बाकाखाली वाकून हरवलेला ठोकळा शोधण्यात जाणार असतील, तर शहाणा माणूस फळ्यावर आकृती काढून मोकळा होईल. ज्या वस्तूचा हिशेब द्यायचा आहे ती पोरांच्या हातात सोडवत नाही. आणि पोरांच्या हातात न सुटलेली वस्तू गणित शिकवत नाही. गणिताच्या साहित्याबद्दल बोलताना सगळे पैशांबद्दल बोलतात. पैसे कमी आहेतच, पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. गणिताचं साहित्य हरवायला परवडेल असं हवं.

तरी पैशांचं सांगून टाकते. समग्र शिक्षा योजनेत शंभर ते अडीचशे पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. पट १४० धरला तर मुलामागे वर्षाला साधारण ३५७ रुपये, म्हणजे दिवसाला रुपयाभर. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, नळाची तोटी, दाराची कडी, रजिस्टरं, खेळाचं साहित्य, इंटरनेट आणि राहिलंच काही तर अध्यापनाचं साहित्य. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये वेगळे मिळायचे. जुने शिक्षक अजून त्या पाचशेची आठवण काढतात. रक्कम फार होती असं नाही, पण ती शिक्षकाच्या हातात होती. पुठ्ठा घ्यायचा की कापूस, हे ठरवायला बैठक लागत नव्हती. संयुक्त अनुदानाचे पैसे आमच्यापर्यंत येतात तेव्हा बहुतेकदा वर्ष सरत आलेलं असतं आणि मार्चअखेरच्या घाईत माणूस घेतो ते एकरकमी बिलात बसेल असं काही तरी. कपाट घेतलं जातं. मग त्या कपाटात पेटी ठेवली जाते.

मला हवे होते मणी.

तिसरीच्या वर्गात बावन्नमधून अठ्ठेचाळीस वजा करायला दिले की अर्धा वर्ग सोळा उत्तर आणतो. आठातून दोन गेले सहा, पाचातून चार गेला एक. उत्तर सुबक दिसतं, त्यामुळे पोरांना शंकाही येत नाही. हातचा शिकवून झालेला असतो, पाढे पाठ असतात. तरी सोळा. कारण बावन्न आणि अठ्ठेचाळीस एकमेकांच्या शेजारी राहतात हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. शंभर मण्यांची माळ घ्या, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल अशी. कपड्यांचा एक चिमटा अठ्ठेचाळीसवर लावा, एक बावन्नवर. मध्ये चार मणी, दोन रंग बदलायच्या अलीकडे, दोन पलीकडे. मग कुणी सोळा म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. पण ही माळ मास्तराच्या हातात एक असून भागत नाही. दोन पोरांत एक तरी हवी. म्हणजे चाळीस पोरांना वीस माळा आणि दोन हजार मणी.

आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारात सराफा ओळीच्या आसपासच्या गल्ल्यांत मणी, गोटा, लेस, लग्नाचं सामान मिळतं. दुकानं हातभर रुंद आणि आत बोगद्यासारखी लांब. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथं गेले आणि दुकानदाराला म्हटलं, भाऊ, दोन हजार मणी द्या, एक हजार लाल, एक हजार पांढरे. तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘‘मॅडम, यहाँ गिनके नहीं मिलता, तौल के मिलता.’’ बरोबरच होतं त्याचं. दहा मिलिमीटरचे प्लास्टिकचे मणी कोण मोजत बसेल? मग मी त्याला शंभर मणी मोजायला लावले, म्हणजे मीच मोजले, काउंटरवर दहा-दहाचे ढीग लावून, आणि ते त्याच्या छोट्या काट्यावर ठेवले. पन्नास ग्रॅम भरले. दोन हजाराला एक किलो. अर्धा लाल, अर्धा पांढरा.

‘‘आणि पाव किलो वरून द्या, मिक्स.’’

‘‘वो किसलिए?’’

‘‘हरवायला.’’

तो हसला, ‘‘गुम करने के लिए?’’ आणि त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलंसुद्धा, की ह्या मॅडम हरवायला माल घेऊन राहिल्या. पण वजन करताना त्याचा हात सैल सुटला होता. पाव किलोत किती जास्तीचे पडले ते मी मोजलं नाही.

बिल खिशातून दिलं. हे काही मोठेपणासाठी सांगत नाही. सरकारी शाळेतला जवळजवळ प्रत्येक शिक्षक हे करतो आणि घरी त्याबद्दल ऐकून घेतो. पण साहित्य शाळेत आलं की त्याची नोंद हवी, असा आमच्या मुख्याध्यापिका मॅडमचा नियम. मी म्हटलं, मॅडम, डेडस्टॉकमध्ये चढवलं तर दिवाळीपर्यंत मला दोनशे मण्यांचा खुलासा द्यावा लागेल. त्यांनी चष्मा वर सरकवला, दोन्ही वह्या जवळ ओढल्या आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग संपणाऱ्या सामानाची वही उघडून खडूच्या पानावर, ‘रंगीत खडू, ४ पेट्या’च्या खाली, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘गणित मणी, सव्वा किलो’. आणि म्हणाल्या, ‘‘खडू काय परत मागतो का आपण पोरांकडून?’’

निवृत्तीला टेकलेल्या माणसाला अशी एखादी मोकळीक सुचते, हे मी त्या दिवशी शिकले. तेव्हापासून आमच्या तिसरीच्या मजल्यावर मणी सापडतात. पोषण आहाराच्या ताटांच्या टोपलीत, नळाखाली, एकदा एका मुलीच्या वेणीत.

आता एका गोष्टीबद्दल थोडं चिडून बोलायचं आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’. प्रशिक्षणाला गेलं की एक सत्र याचं असतंच. बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या लग्नपत्रिका, अंड्यांचे ट्रे. कल्पना वाईट नाही. पण ती नेहमी आमच्यासारख्या शाळांनाच सांगितली जाते. ज्या शाळेची फी लाखात आहे तिथे ठोकळे विकत येतात आणि आमच्याकडे कचरा म्हणजे कल्पकता. माझ्या वर्गात कबाडीचा धंदा असलेल्या घरांतली मुलं आहेत. ‘उद्या घरून झाकणं आणा’ म्हटल्यावर एक मुलगा सरळ म्हणाला, ‘‘मॅडम, आमच्या इथं झाकणं विकतात, फेकत नाही.’’ त्याच्यासाठी झाकण हे प्लास्टिक आहे, आणि प्लास्टिकला भाव असतो. मी त्याला नंतर त्या भावाचीच गणितं घातली, शेकडेवारीची, आणि त्यात तो वर्गात सगळ्यांच्या पुढे होता. पण झाकणं मागणं मी बंद केलं.

स्वस्त आणि टाकाऊ यात फरक आहे. तो करणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीचं साहित्य त्यांना चांगलं माहीत होतं, आणि गावातल्या मुलांना ते परवडणारं नाही हेही. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, जे मुलांच्या परिसरात मुबलक होतं ते घेतलं. शिंपला हा काही कचरा नाही. आपल्या वऱ्हाडी घरांत चिंचोके आणि कवड्या याच कामाला होत्या, चौसर खेळताना आजी पोरांना बेरीज शिकवून मोकळी व्हायची. पुढे १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सोळा शाळांत सुरू झाला. नागपूरहून इटारसीची गाडी धरली की ते सगळं गाव-शिवार खिडकीतून दिसतं. तिथे १९७८ साली अरविंद गुप्ता नावाचे एक इंजिनिअर कंपनीतून रजा घेऊन आले आणि सायकलच्या वॉल्व ट्यूबचे तुकडे व काडेपेटीच्या काड्या जोडून त्यांनी आकार बनवले. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच लुळा पडून समभुज चौकोन होतो. एवढं कळायला काडेपेटी आणि हातभर नळी लागते. आमच्या शाळेजवळचा सायकलवाला ती नळी अजून ठेवतो, पण कशाला पाहिजे ते सांगितल्यावर पैसे घेत नाही, ही त्याची अडचण आहे. त्याच्याकडे जायला आता संकोच वाटतो.

सातवीला वर्तुळाचा परीघ आहे. पुस्तकात पाय (π) म्हणजे २२/७. मुलं ते पाठ करतात आणि त्रिज्या दिली की परीघ काढतात, व्यास दिला तर गडबडतात. यासाठी प्रत्येकाच्या हातात वेगवेगळ्या मापाचं चाक हवं होतं. चाकं कुठून आणायची? पण नागपुरात याचं उत्तर वर्षातून एकदा आपोआप चालत येतं, तान्ह्या पोळ्याला. मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरं आपले लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. विदर्भाबाहेरच्यांना सांगावं लागतं, की या लाकडी बैलाच्या पायाखाली पाट आणि पाटाला चार चाकं असतात, आणि तो तळहाताएवढ्यापासून पोरगं वर बसेल एवढ्यापर्यंत कोणत्याही मापाचा असतो. मी सांगितलं, सुट्टीनंतर बैल घेऊन शाळेत या. ज्याच्याकडे नाही त्यानं डब्याचं झाकण आणावं. ज्यांचे बैल होते ते बोजाऱ्याच्या आशेनं आले, हे नंतर कळलं.

व्हरांड्यात खडूनं लांब रेघ ओढली. चाकावर खडूची एक खूण, ती खूण जमिनीला लागली तिथून निघायचं, पुन्हा लागली की थांबायचं. तेवढं अंतर मोजायचं आणि चाकाच्या व्यासानं भागायचं. कागदावर हे दोन ओळींचं काम आहे. प्रत्यक्षात कुणाचा बैल घसरला, कुणाचं चाक खुंटीवर डुगडुगत होतं. एका पोट्ट्याच्या बैलाचं चाक तर गोल कमी आणि षटकोन जास्त होतं, ते पडत पडतच गेलं. फळ्यावर उत्तरं येऊ लागली. ३.२, ३, ३.४, २.९, ३.१. सगळ्यात मोठा बैल ज्याचा होता तो मुलगा अस्वस्थ झाला. त्याच्या चाकाचा व्यास १२ सेंटिमीटर, एका फेऱ्यात ते ३७.५ सेंटिमीटर गेलं. शेजारच्याचं साडेचार सेंटिमीटरचं चाक, चौदा सेंटिमीटर गेलं. त्यानं दोन-तीनदा भागाकार तपासला.

‘‘मॅडम, माहा बैल एवढा मोठा, चाक मोठं, मग उत्तर मोठं काऊन नाही येऊन राहिलं?’’

या प्रश्नासाठी माणूस शिक्षक होतो. मी काही बोलले नाही. मागून कुणी तरी म्हणालं, ‘‘चाक मोठं तं रस्ता बी मोठा न बे.’’ त्यानंतर मला फारसं शिकवावं लागलं नाही.

पण त्या दिवशी दुसरीच भानगड निघाली. दोघी मैत्रिणींनी एकच चाक मोजलं आणि अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आला. भांडण माझ्यापर्यंत आलं. दोघींकडे शिलाईचे टेप होते, एकीचा नवा, एकीचा आईच्या मशीनवरचा जुना. एकावर एक ठेवले तर जुना टेप सुरुवातीलाच ताणला गेलेला. टोकाची पत्र्याची पट्टीही सैल झाली होती. म्हणजे इतक्या वर्षांत हिच्या आईनं शिवलेले सगळे ब्लाउज चुकले? मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘आई पहिल्यापासून नाही मोजत. दहापासून धरते अन् मागून दहा कमी करते.’’ तिच्या आईला बोलावून घेतलं. ती लाजत लाजत आली आणि सातवीच्या वर्गाला कसं धरायचं ते दाखवून गेली. सुतारही असंच करतात, असं एकानं सांगितलं. बाबा करतात म्हणे.

मी त्या तासाला पोरांना आपल्या नागपुरातल्या झिरो माइलची गोष्ट सांगितली. तो वाळूच्या दगडाचा खांब आणि शेजारचे चार घोडे सगळ्यांनी पाहिलेले असतात, सहलीचा फोटो तिथेच निघतो. पण तो मोजणीचा दगड आहे आणि ती मोजणी फार लांबून आली होती. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं सुरू केलेल्या देशाच्या सर्वेक्षणात जमिनीवर शंभर फुटांची पोलादी साखळी टाकून पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेघ, मोजली होती. ती साखळी मुळात इंग्रजांनी चीनच्या सम्राटाला द्यायला नेलेल्या भेटींपैकी एक. तिकडे ती कुणी घेतली नाही आणि फिरत फिरत इकडे आली. उन्हानं ती लांबायची. त्यामुळे लॅम्बटनची माणसं साखळीजवळ तापमापी ठेवायची आणि तापमानाप्रमाणे लांबीत दुरुस्ती करायची. तोच लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. हिंगणघाट म्हटल्यावर वर्गातल्या दोघांनी हात वर केला, त्यांचे मामा तिथले. ताणलेल्या टेपवाली मुलगी म्हणाली, मग त्यानं दहापासून का नाही धरलं? मी म्हटलं, साखळी अख्खीच ताणली जात असेल तर दहापासून धरून काय होणार? तिनं विचार केला आणि खाली बसली. सांगितलेलं तिला पटलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

टेप मात्र सगळ्यांना हवे झाले. पट्टीनं वही मोजता येते, टेपनं झाड, डोकं, खांब, मैदान, मडकं. शिलाईचा टेप दहा-पंधरा रुपयांना मिळतो, एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटिमीटर, म्हणजे रूपांतर शिकवायची सोय तिथेच.

त्याच सुमारास एका कंपनीच्या सामाजिक निधीतून शाळांना मदत देणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची तयारी स्मार्ट टीव्हीची होती. मुख्याध्यापिका मॅडमनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं, सर, टीव्ही नको, चाळीस टेप द्या. दोन किलो मणी, दहा वजनकाटे, आणि वॉल्व ट्यूब एक गुंडाळी. ते म्हणाले, मॅडम, हे एवढंसं दिलं तर मी अहवालात काय लिहू? टीव्ही भिंतीवर दिसतो, खाली नावाची पाटी लागते. ‘‘आणि हे किती वर्षं टिकेल?’’

‘‘दिवाळीपर्यंत.’’

त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी त्यांना व्हरांड्यात नेलं. तिथे पाचवीची पोरं मणी घेऊन बसली होती, एक जण मणी नाकात घालायच्या बेतात होता, त्याला आधी सोडवलं. गृहस्थ बराच वेळ उभे राहिले. एका मुलीनं त्यांना चिमटा देऊन त्र्याऐंशी दाखवा म्हटलं, ते त्यांनी दाखवलं, मग तिनं ‘आता यातून सव्वीस’ म्हटलं आणि ते खाली मांडी घालून बसले. चांगला माणूस होता. जाताना म्हणाले, टेप मी करतो, पण कंपनीचं नाव त्यावर छापावं लागेल, तेवढं चालेल ना?

चालेल म्हटलं. महिन्याभरानं खोकं आलं. चाळीस नवे, पिवळेधमक टेप. नाव छापलं होतं, ठळक निळ्या अक्षरांत, अगदी सुरुवातीलाच. एक ते सात सेंटिमीटरचे आकडे त्याखाली गडप झाले होते. मुख्याध्यापिका मॅडम हळहळल्या, परत पाठवायचे का म्हणाल्या. मी सातवीत वाटून टाकले. पोरांनी नाव वाचलं, हसली, आणि दहापासून धरून खिडकीचा गज मोजायला लागली.